सहाव्या ओळीतलं देणं

क्रेसविकच्या वकिलाचा लखोटा
अडीच महिने समुद्रावर होता.
सेंट जस्टला पोचला तेव्हा एका कडेला
मिठाचा पांढरा वळ उठलेला.
हॅनिबलनं तो सुरीनं उघडला,
मासा साफ करावा तसा.

‘डिगरी नॅनकर्विस, अविवाहित, वय एकेचाळीस.
मृत्युपत्र नाही.’

नसणारच.
पोटाला चिमटा घेऊन जमवलेलंही
आमचा डिगरी खिशात ठेवायचा,
आणि खिसे तर फाटके.

मग यादी. तंबू, ठिगळांचा.
सोनं तोलायचा तराजू,
त्यातलं सर्वांत लहान वजन हरवलेलं.
एक घोडी, आंधळी होत चाललेली, तीन पौंडांना विकली.
एका खाणीत आठवा हिस्सा;
खाणीत सध्या पाणी.

खाली देणी.
पिठवाला. लोहार. आह् लुम नावाचा चिनी माळी,
कोबीचे नऊ शिलिंग.
हॅनिबल हसला: सोनं खणायला गेला
आणि कोबी उधारीवर खाल्ला!
हसता हसताच तो सहाव्या ओळीवर आला:

‘पाथरवट प्रॉबर्ट याचे,
भावाच्या थडग्यावरील दगडापोटी, बाकी
दोन पौंड चार शिलिंग.
सन एकसष्टपासून दर नाताळला
थोडे थोडे फेडत असे.’

भावाच्या.

हॅनिबलनं त्या शब्दावर बोट ठेवलं,
उचललं, पुन्हा ठेवलं.
तिकडे गेले होते ते दोघंच.
डिगरी, आणि धाकटा अ‍ॅब्सलम,
ज्याचं पत्र गेल्या सप्टेंबरातसुद्धा आलं:
आई, पीचची दोन झाडं लावलीत.
आई, गुडघा आता बरा आहे.

मी पेटीतून दोन्ही गठ्ठे काढले.
साठ सालापर्यंत अ‍ॅब्सलमची अक्षरं
उजवीकडे झुकतात, वारा पाठीशी असल्यासारखी.
पुढे डावीकडे. बळेच.
आणि ‘गुडघा’ हा शब्द
डिगरीला जन्मात कधी धड लिहिता आला नाही.
रविवारच्या शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या त्यानं.
एकसष्टनंतर अ‍ॅब्सलमलाही येईना.

सात वर्षं ही पत्रं
मीच वाचून दाखवत होते, मोठ्यानं.

चुलीपाशी आई, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.
‘काय म्हणतो गं वकील?
अ‍ॅब्सलमला कळलं का, डिगरी गेल्याचं?
एकटा पडला गं पोर माझा.’

हॅनिबल उठून बाहेर गेला,
डुकरांच्या कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला.
कळलं, आई, म्हटलं मी.

देणी वजा जाता अकरा पौंड सहा शिलिंग.
चॅपेलच्या पाद्र्यासमोर, शपथेवर, आम्ही लिहून दिलं:
वारस तीन. आई, हॅनिबल, किझाया.
पाद्रीबाबांनी चष्म्यावरून पाहिलं.
हॅनिबल म्हणाला, तीनच.
त्यापुढे त्यानं ब्र काढला नाही.
वकिलाला मी वेगळी चिठ्ठी जोडली:
प्रॉबर्टचे पैसे आधी द्यावेत.
दगडावर खाली जागा उरली असेल तर
आणखी एक नाव. अक्षरामागे काय पडेल ते
माझ्या वाट्यातून कापावं.

आता सप्टेंबर जवळ आलाय.
दिवसभर कथलाची धोंड फोडून
हातोडा माझ्या मनगटात तसाच वाजत राहतो,
त्यामुळे रात्री अक्षरं आपसूकच कलतात.
आई, लिहिते मी, डिगरीला पोचवायला
पुष्कळ माणसं आली होती.
कोबीवाला आला होता.
घोडी मीच घेतली.

कोरा कागद धरला असता तरी चाललं असतं.
पण आई पत्र हातात घेते,
अंगठ्यानं ओळी चाचपते,
मग छातीशी धरते.

शेवटी गुडघा आला.
आईला दिसणार नाही, वाचणारीही मीच,
आणि मला तो शब्द नीट येतो.

टाक दौतीत बुडवला
आणि चुकीचा लिहिला.